गालावरची रेघ

काचेत सुमंगलाबाईंना आधी स्वतःचाच गळा दिसला. मग त्या गळ्यातला टाक दिसला, आणि तो काचेच्या अलीकडं आहे की पलीकडं, हेच क्षणभर कळेना. आत काळ्या मखमलीवर चांदीचे टाक ओळीनं मांडले होते, जुन्या रुपयाएवढे, आणि त्या ओळीत एक जागा रिकामी राहिली होती. नेमकं तिथंच त्यांच्या गळ्यातल्या टाकाचं प्रतिबिंब जाऊन बसलं होतं, जागा धरून ठेवल्यासारखं. त्या वाकल्या. लोकांना बारीकसारीक दिसावं म्हणून संग्रहालयवाल्यांनी टाकांवर भिंगं बसवली होती. सुमंगलाबाईंनी पहिल्या भिंगातून बघितलं. पदर घेतलेली बाई, छातीशी दोन्ही हात, उभट चेहरा, सरळ तरतरीत नाक, आणि डाव्या गालावर डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली बारीक रेघ. दुसऱ्या भिंगातही तीच बाई. तिसऱ्यातही. त्या ओळीच्या टोकापर्यंत सरकत गेल्या आणि तशाच परत आल्या. एकजात सगळ्यांच्या गालावर ती रेघ होती. हैदराबादेतल्या त्या जुन्या हवेलीत एसी इतका लावला होता की बाकीच्या बायकांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतले होते, आणि यांच्या तळहातांना मात्र घाम फुटला होता.

टाक म्हणजे चांदीचा पत्रा, त्यावर ठसा मारून उठवलेला देव, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. तो असतो देव्हाऱ्यात. पण सुमंगलाबाईंचा देव्हाऱ्यातला नव्हता, तो सवतीचा होता. पहिली बायको मेलेल्या घरात जी दुसरी येते, तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा. मग म्हणे पहिली शांत राहते, दुसरीला धरत नाही, नवऱ्याला ओढून नेत नाही. सेलूला माधवरावांच्या घरात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माप ओलांडायच्या आधी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यातला हा टाक त्यांच्या गळ्यात अडकवला होता. आधी ती, मग तू. असं काही सासूबाई तोंडानं म्हणाल्या नाहीत, पण म्हणायचं काही बाकीही ठेवलं नाही. तिचं नाव विजयमाला. लग्नानंतर दोनेक वर्षांत काविळीनं गेली. तिचा फोटो घरात एकच, लग्नातला, आणि त्यात ती अशी मान खाली घालून बसलेली की मुंडावळ्या तेवढ्या दिसतात. त्यामुळं विजयमाला दिसायला कशी होती हे सुमंगलाबाईंना जे काय कळलं ते या टाकावरून. “नाक बग,” सासूबाई म्हणायच्या, “कसं तरतरीत हाय. सोनारानं हुबेहूब उतरवलंय. अन् ही रेघ दिसायली का गालावर? लहानपणी चुलीपाशी पडली होती, फुंकणीचं टोक लागलं. त्याचा वण हाय तो.” सुमंगलाबाईंचं नाक बसकं. न्हाणीतल्या आरशापुढं उभं राहून त्यांनी ते किती वेळा चिमटीत धरून ओढून बघितलं असेल, देव जाणे. पंचविशीतली, डी.एड. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, आणि एका मेलेल्या बाईच्या नाकाशी बरोबरी करत बसलेली.

आणि हे काय एक-दोन दिवस चाललं? उभा जन्म चाललं. नवं लुगडं घेतलं की घडी आधी टाकापुढं ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग अंगाला लावायचं. जेवायला बसलं की पहिला घास तिचा, ताटाच्या कडेला, मग आपण खायचं. श्रीराम पोटात होता तेव्हा डोहाळजेवणातला पहिला घाससुद्धा तिनंच खाल्ला. सातवीच्या वर्गात फळ्यावर खडूनं भूतबित काही नसतं, असतो तो मनाचा खेळ, असं लिहून दिलं, आणि लिहिताना पदराआड टाक छातीला गार लागत होता. एका आगाऊ पोरीनं विचारलं होतं, बाई, गळ्यात काय आहे. दागिना आहे, बस खाली. माधवरावांशी भांडण झालं की त्या मनातल्या मनात विजयमालेला विचारायच्या, तुझ्याशी पण असंच करायचे का गं? आणि ती सरळ नाकाची बाई गालावरचा वण घेऊन काही न बोलता बघत राहायची. तिनं कधी उत्तर दिलं नाही, म्हणून तिच्याशी असं कधी वागले नसावेत, असं सुमंगलाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्यावर जीव असणार त्यांचा. असं नाक असल्यावर काय.

हैदराबादला जायचं कारण श्रीरामचं दुसरं लग्न. पहिली सून मैथिली दोन पावसाळ्यांपूर्वी डेंग्यूनं गेली, तिथंच, हैदराबादेत, हसतखेळत असलेली पोरगी आठवड्यात गेली. आता त्याच्याच ऑफिसातली उत्तरा, वालूरकडची, त्याच्याशी लग्न करायला तयार झाली होती. श्रीराम म्हणाला, आई, तू ये, दोघी जरा फिरा, ओळख होईल. उत्तराला संग्रहालयं बघायचा लय नाद. तिनं आखून ठेवलं होतं, सकाळी नवाबांचं मोठं, दुपारी चित्रांची गॅलरी, शेवटी ही हवेली. पहिल्या ठिकाणी एका संगमरवरी बाईपुढं ही गर्दी. तिच्या तोंडावर दगडाचाच पदर, इतका पातळ की आतला चेहरा दिसावा. “बघा ना आई, दगडातून चेहरा दिसतो,” उत्तरा म्हणाली. सुमंगलाबाईंना ती बाई आवडली नाही. हिलाही कुणी पदर वर करू दिला नाही, असं काहीसं मनात आलं आणि त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. गॅलरीत तर मोठमोठ्या चित्रांत बायकांना डोळे-नाकच नव्हतं, नुसते लंबगोल. “आजकाल चेहरे काढत नाहीत. बघणाऱ्यानं आपला चेहरा घालायचा,” उत्तरानं समजावून सांगितलं. पोरगी हुशार होती, मायाळूही होती. पायऱ्या आल्या की न सांगता कोपराला हात लावायची. मैथिलीला या असल्या गोष्टींचा कंटाळा. ती एकदा त्यांना किल्ला बघायला घेऊन गेली होती आणि अर्ध्या वाटेत दगडावर बसून म्हणाली होती, आई, वर जाऊन तरी काय करायचंय, शेंगा खाऊ. दोघींनी शेंगा खाल्ल्या. ती आठवण भर दिवसा भिंतीवरच्या चित्रांमधून अशी समोर आली की सुमंगलाबाईंना बाकावर बसावं लागलं. उत्तराला वाटलं, चित्र आवडलं.

आणि मग ती हवेली, ती काच. ओळीच्या शेवटी एक काळपट पितळी ठोकळा ठेवला होता, त्यात तीच बाई खोलगट, उलटी. शेजारी पाटी. सुमंगलाबाईंनी इंग्रजी सावकाश वाचलं. ठसा जिंतूर भागातला. ओळीतले सगळे टाक याच ठशावर काढलेले. ठशाला तडा गेल्यावरही सोनार तो वापरत राहिले, तड्याची रेघ त्यामुळं प्रत्येक टाकाच्या गालावर उठली आहे. कुलदेवी, सती गेलेली, बाळंतपणात मेलेली, पहिली बायको, घराला जी हवी असेल ती हीच. त्यांनी परत वाचलं. तडा. फुंकणी नाही, चूल नाही, पडलेली लहान पोर नाही. पितळेला गेलेला तडा. ज्या वणावरून रोज आंघोळीनंतर बोट फिरवलं, मनातल्या मनात कधी दुखलं का गं म्हणून विचारलं, तो कुणाच्या गालावर नव्हताच.

“आई, अगदी तुमच्या गळ्यातल्यासारखा आहे हो,” उत्तरा शेजारी येऊन पाटी वाचत म्हणाली. “कुणाचा आहे तुमचा?”

इथं जीभ आवरायला हवी होती. पण जन्मभर बायका विचारत आल्या आणि जन्मभर जे उत्तर दिलं ते आपसूक तोंडातून निघून गेलं. “सवतीचा हाय. दुसरेपणावर दिलेलीनं घालावा लागतो. घातला म्हणून तर संसार नीट झाला.”

काचेत उत्तराचाही गळा दिसत होता, मोकळा, बारीक सोन्याची साखळी असलेला, आणि ती तिकडंच बघत होती. रिक्षात बसल्यावर तिनं हळूच विचारलं, “म्हणजे मलाही?” सुमंगलाबाई म्हणाल्या, “छे, आता कोण करतंय.” ते म्हणण्यात जोर नव्हता, हे त्यांनाही ऐकू आलं.

रेल्वेतून उतरून त्या सेलूला घरी पोचायच्या आत वालूरहून उत्तराच्या आईचा फोन येऊन गेला होता. माधवरावांनी तो तसाच्या तसा सांगितला. “म्हणायल्या, आमी लेक दुसरेपणावर द्यायलाव, तर समदं रीतीनं पायजे. तुमच्याच घरची रीत हाय, आमच्या लेकीला का न्हाई? मैथिलीचा टाक करा, न्हाईतर तारीख धरू नका.” माधवराव तहसीलीतून रिटायर झालेले, वाद वाढू न देणं हा त्यांचा जन्माचा स्वभाव. “चुकलं काय त्यांचं? बन्सीधरकडं तयार असतेत. उद्या जाऊन घेऊन येऊ.” मग उत्तराचाही फोन आला. “आई, माझा विश्वास नाही हो यावर. पण मम्मीला बरं वाटेल. आणि खरं सांगू, मलाही थोडं… मैथिलीताईंच्या घरात मी राहणार, त्यांची भांडी वापरणार. पेंडंट म्हणून घालीन. दिसतंही छान.” बाई गं, तू तर ती पाटी वाचलीस, सुमंगलाबाईंच्या ओठावर आलं. माझ्या शेजारी उभी राहून वाचलीस. पण ज्याला भीती वाटते त्याला पाटीचा काय उपयोग, हे फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “बघते.”

रात्रभर त्यांच्या डोळ्यापुढं मैथिलीचा चेहरा होता. तो त्यांना आठवत होता, अगदी सगळा. पुढच्या दातांत फट, हसली की आधी ती फट दिसायची, मग हसू. एक भुवई दुसरीपेक्षा वर. हनुवटीखाली बारका तीळ, तो ती बोलताना नखानं कुरतडायची, आणि यांनी कितीदा तिचा हात बाजूला केला होता. नाक बसकंच, यांच्यासारखंच. पहिल्यांदा घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात कानाशी येऊन म्हणाली होती, आई, आपल्या दोघींची नाकं सेम आहेत, श्रीराम तुमच्यासारखीच शोधत होता वाटतं. इतक्या वर्षांत त्या नाकाबद्दल कुणी लाडानं बोललेलं ते पहिलं वाक्य. आता या पोरीचं तोंड पुसून त्यावर ती तरतरीत बाई बसवायची. श्रीरामनं मोबाइलमधले फोटो बघणं बंद केलं होतं, आणि उत्तराही ते मुद्दाम बघत नाही, असं ती म्हणाली होती. अजून काही वर्षांनी उत्तरा आपल्या लेकीला म्हणेल, हे बघ, मैथिलीताई अशा होत्या, नाक बघ. सुमंगलाबाईंना संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळून त्या उठून पाणी पिऊन आल्या. कुशीवर वळताना टाक उशीवर टेकला. त्यांनी तो पदरात गुंडाळून ठेवला.

बन्सीधर सोनाराचं दुकान बाजारात, दोन पिढ्यांचं. त्यानं चहा सांगितला आणि मखमलीचा ट्रे पुढं सरकवला. “हे बगा काकू, स्त्रीचे टाक. मशीनचे हायत, बाहेरून येतेत. एकदम साफ.” ट्रेमध्ये सगळ्या एकसारख्या बायका. आताच्या बाईला मोठे डोळे होते, नटीसारखे, आणि नाक आणखी टोकदार.

“ही कोण हाय?” सुमंगलाबाईंनी विचारलं.

“कुणीबी. ज्यांना पायजे त्यांची. पाठीमागं नाव घालून देतो.”

“अन् आधी? माझा हा केला तवा?”

बन्सीधर हसला. “तवा आमच्या बापाकडं जिंतूरकडच्या चारठाण्याहून आणलेला ठसा होता. तडा गेलेला. अर्ध्या तालुक्याच्या बायका त्यातून निघाल्यात. पुढं हैदराबादचे कुणी शौकीन आले अन् इकत घेऊन गेले.”

“हातानं कोरून देतंय का कुणी? फोटोवरून? दातात फट हाय, हनुवटीखाली तीळ हाय.”

“दातात फट?” बन्सीधरनं माधवरावांकडं बघितलं. “काकू, टाकाला दात नसतेत.”

माधवराव चुळबुळायला लागले. “अगं, ह्यातलाच एक घे. लग्नाची तारीख अडून बसलीय.”

सुमंगलाबाई त्यांच्याकडं वळल्या. आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही. “विजयमालेच्या गालावर वण होता का?”

“म्हंजे?”

“वण. डाव्या गालावर. चुलीपाशी पडली होती त्याचा.”

“होता की. आई म्हणायची न्हाई का.”

“आईचं सोडा. तुमी बघितला का? दोन वर्षं संसार केलात तुमी तिच्याबरोबर.”

माधवरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. बन्सीधर उगीच ट्रे नीट करायला लागला. चहावाला कप ठेवून गेला.

“नाक कसं होतं तिचं? सरळ होतं, का माझ्यासारखं बसकं?”

“चांगलं होतं,” माधवराव म्हणाले. मग म्हणाले, “आता इतक्या वर्षांनी कुठं ध्यानात राहायलंय, सुमे. मान खाली घालूनच असायची ती.”

झालं. या माणसाचा जीव तिच्यावर होता म्हणून आपल्याला उरलासुरला मिळाला, असं धरून सुमंगलाबाई जगल्या होत्या. त्याला तिचं नाकसुद्धा आठवत नव्हतं. घास कुणी काढला, घड्या कुणी ठेवल्या, तिचं दुखलंखुपलं मनातल्या मनात कुणी विचारलं? त्यांनी. आणि ज्या चेहऱ्याला विचारलं तो अर्ध्या तालुक्याचा. ज्या बाईचा हेवा करण्यात जवानी गेली ती बाई कशी होती हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. काळी होती का, हसायची का, बसक्या नाकाची तर नव्हती? वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण त्याच्या आधी जे वाटलं ते निव्वळ फसवलं गेल्याचं होतं, आणि ते कडू होतं.

त्यांनी मानेमागं हात नेला. दोऱ्याची गाठ इतक्या वर्षांची, घामानं घट्ट झालेली, सुटेना. “कात्री द्या,” त्या बन्सीधरला म्हणाल्या. माधवराव अर्धवट उठले. “काय करायलीस? सुमे, तो काढत नसतेत.” कात्री चालली. टाक हातात आला, हलका, कडा झिजलेला, नाक आणि ती रेघ तेवढी शाबूत. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला.

“हा धुऊन साखळीत घालून द्या. मागं मैथिली घाला. आमच्या नव्या सुनेला जाईल.”

“अगं, तो विजयमालेचा हाय,” माधवराव म्हणाले.

“कोण म्हणतंय? तुमाला ओळखू यायलीय का ती?”

माधवराव खाली बसले. थोड्या वेळानं, बन्सीधरला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ते म्हणाले, “अन् तुझ्या गळ्यात काय राहील मग? मला काही झालं म्हंजे?”

सुमंगलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. घरातून गेलेल्या बायकोचं नाही, सुनेचं नाही, हा माणूस स्वतःचंच विचारत होता. त्या म्हणाल्या, “काही होत न्हाई. मी विज्ञान शिकवलंय.” बन्सीधरनं जुना टाक मऊ फडक्यात गुंडाळला. मैथिलीचं नाव कुणाच्या का असेना, पाठीवर जाईल, पण ही रेघेची बाई कुणाचीच नाही हे उत्तरानं पाटीवर वाचलंय, ते तोंड मैथिलीचं म्हणून ती दाखवणार नाही, एवढं तरी त्यांनी मिळवलं होतं. उत्तराचं भय आपल्याला काढता आलं नाही, हे त्यांना कळत होतं. तिच्या गळ्यात आता कुणीच नसलेली बाई लटकणार होती, आणि ती त्या बाईला जन्मभर भिणार होती, जशा आपण भ्यालो. तिथं त्यांचा इलाज चालला नाही.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. गळा मोकळा लागत होता, सारखा हात तिकडं जात होता आणि रिकामा परत येत होता. दोघं जेवायला बसले. माधवरावांनी पहिला घास घेतला. सुमंगलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि ताटाच्या कडेला ठेवला, रोजच्यासारखा.

माधवराव बघत होते. “टाक तर देऊन टाकलास,” ते म्हणाले. “आता कुणाला ठेवायलीस?”

“विजयमालेला,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “तिला माझ्याशिवाय दुसरं हाय कोण?”

माधवरावांनी मान खाली घातली आणि ठेच्याची वाटी जवळ ओढली.